मदतनीसबाईंचा खुलासा

नवऱ्याची तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी मी कामावर हजर झाले. रजा वाढवता आली असती. कार्यालयातल्या मॅडमनी फोनवर तसं सांगितलंही होतं. पण त्या दिवशी पहाटे जाग आली, डबा भरला, साडी नेसले आणि नेरच्या बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या.

"चालली काय वं?"

"हो."

तेवढंच बोलणं झालं. मला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. झरी जामणी तालुक्यातल्या चोवीस अंगणवाड्या तेव्हा माझ्याकडे होत्या. अंगणवाडीत मुलांना शिकवते ती सेविका. मुलांना घरून आणणारी, झाडलोट करणारी, खिचडी शिजवणारी ती मदतनीस. आणि या दोघींची रजिस्टरं तपासत गावोगाव फिरणारी ती मी. नेरहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून तिकडे एक खोली केली होती. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी संध्याकाळी परत. नवऱ्याचं नेरमध्ये मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, शेतातल्या पाण्याच्या मोटारींचं. मुलगी अमरावतीला कॉलेजात. सहा वर्षं आमचं घर असं तीन ठिकाणी वाटलेलं होतं, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

तो गेला त्या दिवशी मी कोलामांच्या एका पोडावर होते. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. सागाच्या जंगलाला लागून वीस-बावीस घरं, मधे एक हँडपंप, एका टोकाला अंगणवाडीची खोली. तिथे मोबाइलला रेंज नाही. मी दुपारभर मुलांची वजनं घेत होते. परत निघाले, नाल्यापुढच्या चढावर रेंज येते तिथे पर्समधला फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. अकरा मिस्ड कॉल. दुकानातच खाली बसला, म्हणाले. पाणी मागितलं, म्हणाले. मी स्कूटी बाजूला लावली, सगळ्यांचं ऐकून घेतलं, "निघते" म्हटलं, आणि आधी वजनाचा काटा पिशवीत नीट बांधला, कारण तो डिकीत हलत होता. हे मला फार स्पष्ट आठवतं. पुढचा प्रवास आठवत नाही.

मी कामावर परतले त्याच आठवड्यात कार्यालयात नवीन मार्गदर्शिकांची खोकी येऊन पडली होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना कसं शिकवायचं याचं पुस्तक, निळ्या कव्हरचं, चांगलं जाड. महिन्यावार विषय, आठवड्यावार कृती, गाणी, गोष्टी, चित्रांचे तक्ते. प्रत्येक अंगणवाडीला एक प्रत द्यायची, सेविकेला समजावून सांगायची, मग ती तसं करते की नाही ते पाहून तक्ता भरायचा. समजावून सांगायचं तर आधी आपण वाचायला हवं. मी खोलीवर रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसायची. डोळे ओळींवरून जायचे, पान उलटायची, आणि दहा पानांनंतर लक्षात यायचं की आपण एक शब्दही वाचलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी वहीत नुसती शीर्षकं उतरवून घेतली आणि त्यावरच प्रशिक्षण दिलं. कोणी काही विचारलं नाही. बायका माझ्या कपाळाकडे बघायच्या आणि मान हलवायच्या.

त्याच पोडावर मी पुस्तक घेऊन गेले तेव्हा तिथली सेविका ते उलटसुलट करून बघत होती. ती शेजारच्या गावची, पन्नाशीची, मराठी बोलणारी. रोज दोन किलोमीटर पायी यायची. बारा वर्षांत तिने कधी दांडी मारली नव्हती.

"मॅडम, पुस्तक चांगलं हाय," ती म्हणाली. "पण मी वाचलं तरी लेकराइले काय समजते? त्याइले मराठी येत नाई, मले कोलामी येत नाई."

ती खोटं बोलत नव्हती. तिने मला दाखवलंच. भिंतीवर चित्रांचा तक्ता टांगला होता. तिने छडी पाण्याच्या चित्रावर ठेवली आणि म्हणाली, "हे काय हाय? पाणी! म्हणा, पाणी!" सतरा मुलं गप्प. सतरा तोंडं तिच्याकडे. मग मागून, चुलीजवळून, मदतनीसबाई न वळताच म्हणाल्या, "ईर." आणि सगळी पोरं एकदम ओरडली, "ईर! ईर!" एक जण उठून हँडपंप हापसल्यासारखा हात करायला लागला.

मदतनीस पोडावरचीच, कोलाम बाई. साधारण माझ्याच वयाची, सडपातळ, कमी बोलणारी. नवरा फार पूर्वी गेला होता. सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सही येत होती आणि मराठी वाचताही येत होतं. पण कागदावर तिचं काम खिचडीचं.

त्यानंतरच्या महिन्यात मी गेले तर दोघींनी कामं बदलून घेतली होती. सेविका चुलीपाशी बसून खिचडी ढवळत होती आणि मदतनीसबाई मुलांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. निळं पुस्तक मांडीवर. त्या आधी मनात मराठी वाचायच्या, मग मुलांना कोलामीत सांगायच्या, मग तोच शब्द मराठीत. मुलं बोलत होती. भांडत होती. ज्या खोलीत सहा वर्षं मी फक्त "उभे राहा, नमस्ते मॅडम" ऐकलं होतं, तिथे इतका गलका होता की मला बाहेरूनच ऐकू आला.

"मॅडम, चालते ना?" सेविकेने विचारलं. हाताला डाळ लागलेली. "रजिस्टर मीच लिवतो. फक्त बोलाचं काम तिच्याकडं."

"चालतं," मी म्हटलं. मला ते चांगलं वाटलं की वाईट, हे सांगता येणार नाही. काहीच वाटलं नाही. मी हजेरीवर सही केली, तारीख टाकली.

त्या दिवशी त्यांची भावनांची कृती चालली होती. पुस्तकासोबत आलेल्या एका कागदावर चार चेहरे होते: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. मुलाने चिंचोका घ्यायचा आणि आज आपल्याला जसं वाटतंय त्या चेहऱ्यावर ठेवायचा. बहुतेकांनी हसऱ्यावर ठेवले. एकाने रागावलेल्यावर ठेवला, कारण शेजारच्याने त्याला चिमटा काढला होता. चार वर्षांची एक मुलगी होती, केस भुरकट, नाक सतत वाहणारं. तिने आपला चिंचोका ठेवला आणि मग दुसरा उचलून माझ्याकडे आली. माझा हात धरून तिने तो माझ्या तळव्यात ठेवला.

मी कागदाकडे बघत राहिले. सगळी मुलं वाट बघत होती. मला खरंच कळेना कुठे ठेवायचा. हसरा नव्हता. रडकाही नव्हता. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. मग ती मदतनीसबाईंना काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

मदतनीसबाईंनी पुस्तक मिटलं. "म्हणते, या बाईचं तोंड कागदावर नाई."

सेविका चुलीपासून ओरडली, "ए, गप बस वं!" मी चिंचोका हसऱ्यावर ठेवला आणि निघाले.

यानंतर महिनाभराने जिल्ह्याहून एक अधिकारी पाहणीला आले. तालुक्यातल्या तीन-चार अंगणवाड्या बघायच्या होत्या. आदिवासी भागातली एक तरी दाखवा, म्हणाले, म्हणून कार्यालयाने हा पोड ठरवला. मी सोबत होते. मी आधी निरोप पाठवू शकले असते की आज साहेब येणार आहेत, आज आपापल्या जागी बसा. तालुक्यातल्या कोणत्याही पर्यवेक्षिकेने पाठवला असता. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी साहेबांच्या गाडीत मागे बसून जंगल बघत होते.

साहेब आत आले तेव्हा सेविका फुंकणीने चूल फुंकत होती, आणि मदतनीसबाई हातांनी अस्वल करून मुलांना गोष्ट सांगत होत्या.

"सेविका कोण?"

चुलीजवळची बाई उठून उभी राहिली. पदराने डोळे पुसले, धुरामुळे.

"मग या कोण?"

"मदतनीस हाय साहेब."

"म्हणजे शिकवायचं काम मदतनीस करते आणि मानधन सेविकेचं तुम्ही घेता?" आवाज चढलेला नव्हता, पण मुलं गप्प झाली. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही दर महिन्याला येता इथे. तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीतीने म्हटलं असतं तर मला समजलं असतं. मला भीती वाटत नव्हती. हो म्हटलं तर पुढे बोलावं लागेल, समजावून सांगावं लागेल, आणि तेवढं बोलायला माझ्यात काही उरलेलं नव्हतं. नाही म्हटलं की संपतं. सेविकेने माझ्याकडे पाहिलं. मदतनीसबाईंनी पाहिलं नाही. त्या मुलांच्या वाट्या गोळा करायला लागल्या.

दोघींना कारणे दाखवा नोटीस द्या, असं साहेब जाताना सांगून गेले. नोटीस मीच लिहिली. मसुदा ठरलेला असतो. नेमून दिलेली कामे न करता आपसात कामांची अदलाबदल केल्याचे निदर्शनास आले, सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा. मी अक्षर चांगलं काढलं. दुसऱ्या दिवशी पोडावर जाऊन दोघींच्या सह्या घेतल्या.

"मॅडम, तुमाले तं माहीत होतं," सेविका सही करता करता म्हणाली.

"हो."

"मंग?"

मी सह्यांखाली तारीख टाकली. तिने पेन परत दिलं.

खुलासे घ्यायला मी सहाव्या दिवशी गेले. या वेळी बाहेरून आवाज आला नाही. आत सगळं कागदावर होतं तसं होतं. सेविका तक्त्यापुढे छडी घेऊन उभी. मदतनीसबाई चुलीपाशी, पाठ मुलांकडे. मुलं रांगेत बसलेली. भुरकट केसांची ती मुलगी रांगेत नव्हती. ती चुलीपाशी बसली होती, मदतनीसबाईंच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून.

"त्याइसंगं बोलाचं नाई म्हणून ठरवलं तिनं," सेविका हळूच म्हणाली. "घरी बोलते, इथं नाई. लेकरं इचारतात, ही उत्तर देत नाई. मले पाहावत नाई मॅडम."

सेविकेचा खुलासा तयार होता. कुणाकडून तरी लिहून घेतलेला, चूक झाली, माफी असावी. मदतनीसबाईंनी कोरा कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"बाई, खुलासा मंजे काय लिवाचं असते?"

"काय झालं ते लिहायचं. का केलं ते लिहायचं."

त्यांनी पेन घेतलं. बराच वेळ कागदावर धरून ठेवलं. मग विचारलं, "मी लेकराइसंगं बोलली, पुन्हा बोलनार नाई. असं लिवू काय?"

त्यांनी ते सरळ विचारलं होतं. टोमणा नव्हता, रागही नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की कार्यालयाला हेच वाक्य हवं आहे. आणि हवं होतंच. मी "हो" म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तोंड उघडलं, पण हो निघेना.

"थांबा," मी म्हटलं. "पुस्तक कुठे आहे?"

सेविकेने निळं पुस्तक दिलं. मी चटईवर बसले आणि वाचायला लागले. खरं सांगायचं तर मी ते पुस्तक त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. चुलीवर भात रटरटत होता, मुलं माझ्याभोवती गोळा झाली होती, एकाने माझ्या पर्सची चेन उघड-बंद करायला घेतली. मला हवं होतं ते निम्म्या पुस्तकानंतर सापडलं. मूल घरी जी भाषा बोलतं त्याच भाषेत त्याच्याशी बोलावं, आणि सेविकेला ती भाषा येत नसेल तर येणाऱ्या स्थानिक माणसाची मदत घ्यावी, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. चोवीस गावांत मी हे पुस्तक वाटलं होतं. साहेबांच्या टेबलावरही ते असणार. माझ्या वहीत त्या पानाचं शीर्षक उतरवलेलं होतं, खाली एक ओळही नव्हती.

"तुम्ही रोज काय काय करत होता ते सांगा," मी मदतनीसबाईंना म्हटलं. "सगळं. मी लिहिते."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग सांगायला लागल्या. सकाळी घरोघर जाऊन मुलं आणताना वाटेतल्या झाडांची नावं विचारायची. एका लेकराला आईचा लळा फार, त्याला पहिले काही दिवस कडेवर घेऊनच शिकवलं. पुस्तकात सफरचंद आहे, ते इथे कुणी पाहिलेलं नाही, म्हणून त्या जागी तेंदूच्या झाडाची टेंभरं घेतली आणि ती मोजायला शिकवली. गोष्टीत हत्ती होता, त्याचं अस्वल केलं. बोलता बोलता त्यांचे हात हलायला लागले. मी दोन पानं लिहिली. शेवटी पुस्तकातल्या त्या पानाचा आकडा टाकला, आणि सदर काम मार्गदर्शक सूचनांनुसारच केले आहे असं लिहिलं. त्यांनी सावकाश वाचून सही केली.

मग मी सेविकेचा माफीचा कागद परत दिला आणि तिचाही नवा लिहिला.

आणि मग स्वतःचं एक पत्र लिहिलं. ही अदलाबदल मला आधीपासून माहीत होती, मी तोंडी संमती दिली होती, आणि पाहणीच्या वेळी मी खोटं उत्तर दिलं. तीन वाक्यं.  वजन लिहावं तसं लिहिलं.

कार्यालयातल्या मॅडमनी तिन्ही कागद वाचले. चांगल्या बाई होत्या.

"हे शेवटचं कशाला? त्या दोघींचा खुलासा पुरेसा आहे."

"मी नाही म्हटलं होतं."

"तुमची परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे. कोणी धरून बसणार नाही. एवढं पत्र मागे घ्या."

"नको," मी म्हटलं. "जाऊ द्या वर."

ते वर गेलं. दोन महिने काही आलं नाही. मग एकाच पाकिटात उत्तराचे दोन कागद आले. सेविका आणि मदतनीस यांचा खुलासा मान्य, प्रकरण नस्तीबद्ध. पर्यवेक्षिकेस ताकीद देण्यात येत आहे. मी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि पोडावर नेऊन दिल्या. सेविका नस्तीबद्ध म्हणजे काय ते विचारत होती. "संपलं," मी म्हटलं. ती हसली आणि डाळीचं पातेलं आपल्याकडे ओढलं.

त्या दिवशी जाताना मदतनीसबाई माझ्यासोबत गाडीपर्यंत आल्या. आधी कधी येत नसत.

"बाई, तुमचं माणूस गेलं म्हने."

"हो."

"त्या वजनाच्या दिवशी."

"हो. इथून निघाले आणि वाटेत कळलं."

"आमाले कोणी सांगतलं नाई. मले लय उशिरा समजलं." त्यांनी गाडीच्या हँडलला हात लावला. "मंग लगेच कायले फिरून राह्यल्या? घरी बसाचं ना."

"घरी काय करू?"

 काही माणसं अशा वेळी स्वतःचं सांगतात. मदतनीसबाईंकडे सांगण्यासारखं होतं, त्यांनी सांगितलं नाही. माझ्या गाडीच्या सीटवर वाळलेली पानं पडली होती, ती त्यांनी हाताने झाडली आणि त्या आत गेल्या. मी गाडी सुरू केली. रस्ताभर मला एवढंच वाटत राहिलं की मघाशी कुणीतरी माझ्याशी बोललं.

रडू आलं ते पुष्कळ नंतर, पुढच्या वर्षी, दारव्ह्याकडे जाणाऱ्या बसमध्ये. पुढच्या सीटवरचा माणूस अडकलेली खिडकी उघडण्यासाठी तळहाताने ठोकत होता. तीन-चारदा ठोकलं, उघडली नाही, त्याने नाद सोडला. आणि मी रडायला लागले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. कशामुळे ते मला आजही सांगता येत नाही.

तोवर माझी बदली झालेली होती. अर्ज नवरा असतानाच केला होता, घराजवळ यावं म्हणून. मंजूर झाला तो असा. आता बोरी अरबच्या बाजूच्या अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. गावं मोठी, रस्ते चांगले, मुलं वऱ्हाडी बोलतात आणि सेविकाही वऱ्हाडीच बोलतात. नेरहून रोज जाऊन येता येतं. सासूबाई आणि मी संध्याकाळी सोबत जेवतो. मुलगी सुट्टीत येते.

परवा झरीच्या नव्या पर्यवेक्षिकेचा फोन आला होता. वयाने लहान, पहिलीच नेमणूक. मला ओळखत नव्हती, नंबर कार्यालयातून घेतलेला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. त्या पोडावर मदतनीस शिकवते आणि सेविका स्वयंपाक करते. मी नोटीस काढणार होते, पण फाईलमध्ये तुमचं एक पत्र आहे. त्याच्या मागे दोन खुलासे आहेत. मी काय करू?"

"खुलासे पूर्ण वाचले?"

"वरवर वाचले."

"मदतनीसबाईंचा पूर्ण वाचा. मग एकदा सकाळी, निरोप न देता जा आणि तासभर बसा."

"मला कोलामी येत नाही, मॅडम. मला तिथे काय समजणार?"

"मलाही येत नव्हती," मी म्हटलं. "बसा तरी."

तिने बरं म्हटलं. सासूबाई आतून विचारत होत्या, कोणाचा फोन. ऑफिसचा, मी सांगितलं, आणि कणीक मळायला घेतली.